डावी पाकळी

गोकुळदास मास्तर डिचोलीच्या तंत्रनिकेतनात संदेशवहनाचा विषय शिकवायचे. नव्या वर्गात पहिल्या दिवशी ते घरचा ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवत, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा नेत आणि ती खरखर साऱ्या वर्गाला ऐकू देत. मग विचारत, "काय ऐकू येतं?" कुणी म्हणे पाऊस, कुणी म्हणे तेलात सोडलेली भजी. मास्तर रेडिओ बंद करत आणि सांगत, "हे कुणीही पाठवलेलं नाही. ज्याला पाठवणारा नाही, त्यात अर्थ शोधत बसू नका."

मुलं वहीत उतरवून घेत. शिकवायला काय जातं हो! वाक्य छान होतं, आणि मास्तरांचा त्यावर पक्का विश्वास होता. पण ज्या घरातून तो ट्रान्झिस्टर रोज पिशवीत घालून निघायचा, त्या घरात हे वाक्य उच्चारायची सोय राहिली नव्हती.

घर पेडण्याच्या बाजूला, देवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. घरात मास्तर, त्यांची बायको शेवंती आणि सून वैशाली. मुलगा प्रज्योत घरात नव्हता. तो कुठे होता यावर या घरात दोन मतं होती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

प्रज्योत जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. बापानेच त्याला त्या वाटेला लावला होता. लहानपणी बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीवरच्या, सोप्यावर बसवून, स्टीलच्या पेल्यावर चमच्याने कड-कट्ट वाजवून मोर्स शिकवला होता. मुरगावात लोहखनिज भरून जहाजं पूर्वेकडे जायची, त्यातल्या एका परदेशी झेंड्याच्या जहाजावर त्याला नोकरी लागली. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा एक हात असतो, जसं प्रत्येकाचं चालणं निराळं असतं. प्रज्योतची खोड अशी की निरोपाचा शेवटचा लांब ठोका तो जरा जास्तच लांबवायचा, दारातून निघताना माणूस उंबऱ्यावर घुटमळतो तसा. मास्तर त्याला रागवायचे. तो जहाजावर गेल्यावर मात्र दिवेलागणीला ते जुना मोठा रेडिओ लावून जहाजांच्या पट्ट्यात तासन्‌तास कान देत बसायचे, आणि एकदा तो लांबवलेला ठोका त्यांना खरोखरच सापडला होता. तेव्हा शेवंतीला हाक मारून त्यांनी तिचा कान रेडिओला लावला होता. तिला काय कळणार? ती म्हणाली, "जेवला का विचारा त्याला."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ते जहाज हरवलं. तो शहाऐंशीचा डिसेंबर. भाषेवरून गोवा पेटला होता, रस्त्यारस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, बसगाड्या बंद. मास्तरांना मुरगावच्या एजंटाच्या कचेरीत पोचायलाच आठवडा लागला. तिथे एक माणूस खाली मान घालून म्हणाला, संपर्क तुटलाय. पुढे काही महिन्यांनी पत्र आलं की जहाज बुडालं असं धरण्यात येत आहे. होडी मिळाली नाही, फळी मिळाली नाही, माणूस तर नाहीच.

मग कोकणी राजभाषा झाली, गोवा वेगळं राज्य झालं. मराठीचं घोंगडं भिजत राहिलं, त्यावरून देवळाच्या सभामंडपात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. या घरातलं कुणी त्यात पडलं नाही. इथे बोलायला होतं कोण?

शेवंतीने ते पत्र वाचलंच नाही. ती उठली आणि देवीकडे कौल लावायला गेली.

कौल म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचा प्रश्न गाऱ्हाण्यात घालून देवीपुढे मांडतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, घर, विहीर, दुखणं, आमच्याकडे सगळं यावर चालतं. शेवंतीने विचारलं, माझा मुलगा आहे का? उजवी पडली.

तिने पदर डोळ्यांना लावला आणि घरी येऊन शिरा केला.

मास्तरांनी समजूत घातली. पाकळी किती ओली, समईची धग कुठल्या बाजूला, दारातून वारा कसा, यावर ते असतं, म्हणाले. नाणं उडवल्यासारखं आहे ते. शेवंतीने ऐकून घेतलं. मग ती वाळपईकडच्या एका देवळात गेली, तिथे डावी पडली. मग डिचोलीजवळच्या एका देवळात गेली, तिथे उजवी पडली. त्या दिवशी तीच मास्तरांना म्हणाली, "तुम्हीच नाय त्या पोरांना शिकवत? वाटेत गडबड होते म्हणून एकच निरोप तीनदा पाठवायचा, आणि दोनदा जे आलं ते खरं धरायचं?"

मास्तर कदेलवर, म्हणजे आपल्या खुर्चीवर, पुढे सरकून बसले. संध्याकाळी मुलांच्या वह्या तपासताना ते मोठ्याने बोलायचे, तिने सगळं ऐकलेलं होतं.

"अगो, तिथे कुणीतरी पाठवणारा असतो," ते म्हणाले.

"मग इथे देवी नाय?"

याचं उत्तर होतं, पण नवऱ्याने बायकोच्या तोंडावर टाकायचं नव्हतं. त्यांनी टाकलं नाही. तीन वर्षं गेली.

आणि त्या तीन वर्षांत वैशाली काय करत होती? बालवाडीत जात होती, घर सांभाळत होती, सासूच्या पायाला तेल चोळत होती. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि ती वाकली की एकमेकींकडे बघायच्या. तिच्या माहेरचे वाळपईचे. तिथल्या सरकारी कचेरीत जयवंत म्हणून एक कारकून होता, शांत माणूस. त्याने स्वतः तिच्या भावाला विचारलं होतं. विधवेशी लग्न करायला त्याची तयारी होती, घरच्यांनाही त्याने तयार केलं होतं. पण वैशाली विधवा होती कुठे? भाऊ येऊन सांगून गेला की दिवाळीपर्यंत काय ते कळवा, त्या माणसाने किती थांबावं?

वैशाली मागल्या दारी तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती. मास्तर तिच्यासमोर पायरीवर बसले. सासरे असे कधी बसत नाहीत. ती सावरून बसली.

"बाय, तुझ्या मनात काय आहे?"

तिने विळीवरचा हात थांबवला नाही. "माझ्या मनाचं काय घेऊन बसलात, बाबा? मी कोण आहे तेवढं मला एकदा कुणीतरी सांगा. ते नाहीत म्हणालात तर रडेन, आणि पुढचं बघेन. आहेत म्हणालात तर म्हातारी होईपर्यंत वाट बघेन. पण हे मधलंच नको. सकाळी कुंकू लावताना हात थांबतो हो."

"मी सांगतो. तो नाही."

"तुम्ही सांगून काय उपयोग? आईंना असं टाकून मी जाणार नाही. त्यांच्या तोंडून आलं तर जाईन."

मास्तर उठले ते तडक शेवंतीकडे गेले. तिला कधी नव्हे ते कडक बोलले. आपला गेला, आता परक्याची पोर का जाळतेस, म्हणाले.  शेवंती दुष्ट बाई नव्हती हो. सुनेच्या मोकळ्या कपाळाची तिला भीती वाटत होती, कारण कुंकू एकदा पुसलं की मुलगा दुसऱ्यांदा बुडणार होता.

"सोमवारी कौल लावू," ती शेवटी म्हणाली. "शेवटचा. देवी जे सांगेल ते मी मानीन. नाही म्हणाली तर मीच हिला वाळपईला पोचवीन. हो म्हणाली तर मग पुन्हा माझ्याकडे हा विषय काढायचा नाही. कुणीच."

बाई शब्दाची पक्की होती, हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणजे एका पोरीचं सगळं आयुष्य सोमवारी एका ओल्या पाकळीवर टांगलं जाणार होतं.

शुक्रवारी ते वर्गात नाण्याचं उदाहरण शिकवत होते. निरोपात माहिती किती, तर ऐकणाऱ्याला जितकं आधी ठाऊक नव्हतं तितकी. नाणं सरळ असेल तर छाप की काटा हे कळण्यात काहीतरी मिळतं. दोन्ही बाजूंना छाप असेल तर नाणं उडवा नाहीतर खिशात ठेवा, नवीन काहीच कळत नाही. "आणि पाठवणाऱ्याला," ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "स्वतःच्या निरोपातून कधीच काही कळत नाही." मुलांनी लिहून घेतलं. मास्तरांच्या डोक्यात मात्र त्या दोन्ही बाजूंना छाप असलेल्या नाण्याने घर केलं. बस पेडण्याला लागली तेव्हा ते घरी न जाता देवळाच्या मागे बाबलीकडे गेले.

बाबली गुरव. प्रज्योतच्याच वयाचा त्याचा मुलगा, दोघे एकत्र नदीत पोहायचे. बाबली सहाणेवर गंध उगाळत होता. मास्तरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, सोमवारी उजव्या पाकळीला मागून गंध लाव, म्हणजे ती चिकटून राहील आणि डावी आधी पडेल.

बाबलीच्या हातातलं खोड थांबलं. "मास्तरांनू, ह्या माझ्याच्यान जावचां नाय."

"पोरीचं आयुष्य आहे, बाबली."

"असांदे. देवीच्या अंगाक लबाडी लावूक सांगतास? तुमचो इश्वास नाय, माझो असा. उठा तुमी."

मास्तर उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी दारातून उठवून लावलं होतं, आणि त्यांना त्याचा राग आला नाही. उलट हलकं वाटलं. आपण प्रयत्न केला, आता होईल ते होईल, असं मनाला सांगत ते घरी आले.

सोमवारी तिघं देवळात गेली. वैशाली खांबाला टेकून उभी राहिली. शेवंती अगदी पुढे, हात जोडून. बाबलीने मास्तरांकडे बघितलं नाही. त्याने पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक उजवीकडे लावली, एक डावीकडे लावली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. या घरचा पोर दर्यार गेलो, तो परत येऊक नाय, त्याची आवय दारात बसली हा, घो असून नसलेली ही पोर मधीच अडकली हा, आई, तो असा काय नाय तां आज उघड करून सांग. आवाज त्याचा दर वेळेसारखा मोठा नव्हता.

मग सगळं गप्प झालं.

आता इथे जे झालं ते मास्तरांनी कुणाला कधी सांगितलं नाही, पण मी सांगतो. ते डाव्या पाकळीकडे बघायला आले होते. तीच पडायला हवी होती, तीच पडणं शहाणपणाचं होतं. आणि त्यांची नजर गेली उजवीकडे. पाणी हळूहळू खाली ओघळत होतं, पाकळीचं टोक जरासं उचललेलं दिसत होतं, आणि हा आयुष्यभर खरखरीत अर्थ शोधू नका म्हणणारा माणूस मनातल्या मनात म्हणत होता, पड. पड गे आई, एकदा पड. पोरीचं त्या क्षणी त्यांना काही सुचलं नाही. त्यांना मुलगा हवा होता.

डावी पडली.

शेवंतीने आरडाओरडा केला नाही. ती त्या खाली पडलेल्या पाकळीकडे बघत राहिली, मग वळली, खांबाजवळ गेली आणि वैशालीला तिने पोटाशी धरलं. दोघी खाली बसल्या. "गेला गो तो," शेवंती म्हणाली, "तीन वर्षां मी तुका धरून ठेवली. माका माफ कर." वैशाली तेव्हा रडली, तीन वर्षांचं रडली. मास्तर उभेच होते. त्यांना कुणी धरलं नाही आणि त्यांनाही कुणाला धरायला सुचलं नाही.

देह नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला. दर्भाने बांधून, नारळाचं डोकं करून, भटाने तो प्रज्योत म्हणून मास्तरांच्या पुढे ठेवला. मास्तरांनी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला, सगळ्यांचे डोळे पाणावले. त्यांचेही पाणावले, पण ते धुराने. रडू येईल येईल म्हणून ते वाट बघत राहिले आणि पुतळा जळून गेला.

दिवाळीनंतर वैशालीचं वाळपईला लग्न झालं. साधंच, घरच्या घरी. शेवंतीने स्वतःच्या हाताने तिला हिरवा चुडा भरला. पाया पडताना वैशाली मास्तरांना म्हणाली, "बाबा, अधूनमधून येत जा." जयवंतने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायला काही नाही.

आणि शेवंती बदलली. आधी वाटलं ती आता खाट धरणार. तसं काही झालं नाही. तिने प्रज्योतचे कपडे धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले. तिला झोप लागू लागली. पोदेर पाव घेऊन आला की त्याच्याशी ती दोन शब्द बोलू लागली, एकदा तर कशावरून तरी हसली. रडायची, पण रडून झाल्यावर डोळे पुसून भात लावायची.

"देवीने सांगितलं ते बरं झालं," ती एकदा जेवायला वाढताना म्हणाली. "नाहीतर मी तशीच दारात बसून मेले असते. माझा जीव जाग्यावर आला. तुमचा?"

मास्तर म्हणाले, "हो."

खोटं होतं ते. त्यांचा जीव जाग्यावर नव्हता, कारण त्यांना अजून कळलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा आपला मुलगा गेला असं त्यांना वाटलं होतं, पण ते डोक्यात. शेवंती वाट बघत होती तोवर तिच्या वाट बघण्यावर रागवायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यात त्यांची वर्षं गेली. आता ती थांबली, आणि तिने खाली ठेवलेलं ते ओझं कधी आपल्या खांद्यावर आलं ते त्यांना समजलं नाही. एकच आधार होता. बाबलीने नाही म्हटलं होतं. उठा तुमी, असं तोंडावर म्हणाला होता. म्हणजे ती डावी पाकळी आपली आपणच पडली होती. देवी असो नसो, वारा असो, समईची धग असो, ते माणसाने ठरवलेलं नव्हतं. त्यांनी कितीतरी महिने ही समजूत जपली आणि बाबलीच्या दारावरून जाणं टाळलं.

पण माणसाला चैन पडत नाही. शिगम्याच्या आधी एका सकाळी ते देवळामागे गेलेच. बाबली अंगणात नारळ सोलत होता. त्यांना बघून तो उभा राहिला, आणि मास्तर काही विचारायच्या आधीच त्याने हात जोडले.

"मास्तरांनू, माका ठावक होता तुमी एक दिस येतलास. तुमका उठवलंय, पण रातभर निजाक नाय. ती पोर डोळ्यांफुडसून हालना. देवीची माफी मागलंय आणि लायलंय गंध, उजवेक. तुमी सांगलास तसाच."

 मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे देवी काही बोललीच नाही."

"तिका बोलाक दिला खंय आपण?" बाबली म्हणाला, आणि पंच्याने तोंड पुसत आत गेला.

बघा म्हणजे कसं असतं. शेवंतीला कळलं, वैशालीला कळलं, वाळपईला कळलं, साऱ्या गावाला कळलं की प्रज्योत गेला. निरोप सगळ्यांना पोचला. फक्त ज्याने तो पाठवला त्याला त्यातून काही मिळालं नाही. आणि हा नियम त्याने स्वतःच फळ्यावर लिहिला होता. बाबलीला दोष देणार कुठल्या तोंडाने? आणि केलं ते चुकलं असंही त्यांना म्हणता येईना, कारण वाळपईला वैशालीच्या पोटात आता मूल होतं. शेवंतीला सांगावं, तर तिचा जाग्यावर आलेला जीव पुन्हा दारात जाऊन बसला असता. सांगायला कुणीच नव्हतं.

त्या दिवशी दिवेलागणीला शेवंती तुळशीपुढे वात लावून आत आली तेव्हा बाल्कांवात मास्तर जुन्या रेडिओपुढे बसले होते. वर्षांची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली होती. काटा जहाजांच्या पट्ट्यात होता. तिथेही आता पूर्वीसारखे ठोके राहिले नव्हते, यंत्रंच यंत्रांशी बोलत, एकसारखी, कुणाचाच हात नसलेली. मधे मधे नुसती खरखर.

"आता हे कुणासाठी?" शेवंतीने विचारलं. रागाने नव्हे, मायेनेच. "सुटला तो, अहो. देवीने सांगितलं ना. त्याला असं धरून ठेवू नका."

"नाही, असंच," मास्तर म्हणाले. "तू जेवायचं बघ."

ती आत गेली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज बारीक केला, खुर्ची पुढे ओढली आणि कान रेडिओच्या जाळीला टेकवला. त्या सगळ्या खरखरीत कुठे एखादा शेवटचा ठोका जरा जास्त लांबतो का, ते ऐकत बसले.